जुन्या बुलेटचं पेट्रोल नेमकं कुठे अडतं?

गाडी किकला दाद देत नाही किंवा सुरू होऊन चौकापर्यंत जाऊन दम टाकते, की हात सगळ्यात आधी कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो आवरा. जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० वर बहुतेक वेळा मिककार्बचा व्हीएम २४ असतो. तो तसा सोशिक आहे, आणि पुष्कळदा त्याच्यापर्यंत पेट्रोलच धड पोचत नसतं. म्हणून सुरुवात टाकीपासून करा.

गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी पुन्हा चालू लागली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. हवा आत येत नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. तसं नसेल तर इंजिन थंड झाल्यावर कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा, टाकीखालचा कॉक उघडा आणि एक मिनिट मोजा. ताशी ८० च्या वेगात लिटरला २५ किलोमीटर पडत असतील, तर इंजिन मिनिटाला साधारण ५५ मिली पितं. बाटलीत १०० मिलीच्या वर आलं तर पुरवठा ठीक. धार तुटक असेल तर कॉकची जाळी काढून बघा, गंज सापडेल. बिडी-सिगरेट आणि चालू इंजिन या कामापासून लांबच ठेवा.

पावसाळ्यात गाडी झाकून उभी होती का? मग बाऊलमधलं (कार्ब्युरेटरखालच्या वाटीतलं) पेट्रोल काचेच्या बरणीत काढा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं, आणि जेटची (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यांची) तोंडंही तळाजवळच असतात. बरणीत खाली वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करा. नुसता बाऊल पुसून भागत नाही.

पुरवठा ठीक असेल तर गाडी थ्रॉटलच्या कुठल्या टप्प्यावर अडखळते ते बघा. आयडलिंगला थांबत नाही, चोक ओढल्याशिवाय चालत नाही: पायलट जेट. पाव ते पाऊण थ्रॉटलला गडबड: स्लाइडमधली (थ्रॉटलबरोबर वर-खाली सरकणाऱ्या भागातली) नीडल. चढावर पूर्ण थ्रॉटल दिला की कोंडते: मेन जेट. उभ्या गाडीत पेट्रोल सुकून राळ धरते ती आधी पायलट जेटमध्ये, कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक. जेट काढायला खाचेत घट्ट बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या. पितळ मऊ असतं, खाच गेली की जेट निघता निघत नाही. भोकात स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर मारा, वर हवेचा दाब द्या, उजेडाकडे धरून गोल भोक आरपार दिसतंय ना ते बघा. फ्लोट (बाऊलमधला तरंगता भाग) आणि रबरी रिंगा क्लीनरमध्ये बुडवू नका.

पेट्रोल बाहेर गळत असेल तर कॉक बंद करा, बाऊलवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके टकटक करून पुन्हा उघडा. गळती थांबली तर फ्लोटच्या नीडलखाली (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी ही वेगळी नीडल) कचरा होता. नाही थांबली तर नीडलचं टोक बघा: गोल चरा पडला असेल तर ती बदलाच. फ्लोट कानाशी हलवा. आत डुचमळलं तर तोही गेला. रात्रभर ओव्हरफ्लो झाला असेल तर किक मारण्याआधी इंजिन ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंगांना वाचवत नाही.

आयडलिंग वर चढून खाली येत नसेल तर केबल आधी तपासा, मग हवेची गळती. कार्ब्युरेटरचे दोन नट अती आवळले की फ्लँज (इंजिनाच्या बाजूला जोडली जाणारी सपाट कडा) वाकतो. जोडावर पाणी फवारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरतेय.

एअर स्क्रू, म्हणजे मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा स्क्रू, शेवटी. काढण्याआधी तो किती आटे आत जातो ते मोजून लिहून ठेवा. बसवताना हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड आटा बाहेर घ्या, आणि बारीक जुळवणी इंजिन चांगलं तापल्यावरच करा. या कार्ब्युरेटरवर स्क्रू आत नेला की मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. इंजिनाच्या बाजूला मिश्रणाचा स्क्रू असलेल्या कार्ब्युरेटरवर नेमकं उलटं होतं, आणि मेकॅनिकही इथेच चुकतात. मग दहा किलोमीटर फिरवून प्लग काढा: कॉफीचा रंग ठीक; काजळी दिसली तर स्लाइडच्या नीडलची क्लिप एक खाच वर, पांढरट दिसला तर एक खाच खाली.