दहा-बारा सर्व्हर सांभाळताय? ॲन्सिबलची सुरुवात युजर आणि कीजपासून करा

इंदूरात छोट्या ऑफिसचे सर्व्हर सांभाळणारा बहुतेक वेळा एकटाच असतो. भंवरकुआच्या कोचिंगवाल्याचं रिझल्टचं पोर्टल तोच बघतो, पलासियातल्या सीएचा बॅकअप तोच बघतो, आणि कोणी नोकरी सोडून पुण्याला गेलं की त्याची एसएसएच की (पासवर्डऐवजी सर्व्हरवर दुरून शिरायची डिजिटल चावी) कुठकुठल्या मशीनवर राहिलीय हे शोधायलाही तोच बसतो. ॲन्सिबल म्हणजे एका जागेवरून सगळ्या सर्व्हरांची मांडणी करणारं टूल. ट्युटोरियलमध्ये ते शिकवताना आधी वेब सर्व्हर चढवून दाखवतात, दिसायला छान वाटतं पण तो तर तुमच्याकडे आधीच चालू आहे ना. खरी झंझट युजर आणि कीजची आहे, म्हणून पहिली प्लेबुक (ॲन्सिबलला द्यायची कामांची फाईल) त्याचीच लिहा.

ॲन्सिबलच का, तर याच कामाची दुसरी टूल्सही आहेत, पपेट 2005 पासून आहे, शेफ 2009 पासून, दोन्ही दणकट, पण सहसा प्रत्येक मशीनवर त्यांचा एजंट (मागे चालत राहणारा छोटा प्रोग्राम) टाकावा लागतो. पपेटचा एजंट तर दर 30 मिनिटांनी मास्टरला, म्हणजे मुख्य सर्व्हरला, विचारायला जातो. शेकडो मशीनी असतील तर ते बरोबरच आहे, दहा-बारांसाठी कशाला एवढा पसारा. ॲन्सिबल मायकल डिहानने 2012 मध्ये काढलं, 2015 मध्ये रेड हॅटने विकत घेतलं, आणि त्याला समोरच्या मशीनवर फक्त एसएसएच आणि पायथन लागतं, जे लिनक्सवर बहुधा असतंच. तुमचा लॅपटॉप मात्र लिनक्स किंवा मॅक हवा, विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतलं लिनक्स) चालवा.

लॅपटॉपवर पिपने (पायथनचा इन्स्टॉलर) ॲन्सिबल टाका, एक फोल्डर करा, त्यात लगेच गिट (फाईलींतले बदल नोंदवणारं टूल) सुरू करा. नंतर करू म्हटलं की ते राहतंच. मग इन्व्हेंटरी फाईल, म्हणजे मशीनींची यादी, चौकोनी कंसात ग्रुपचं नाव (वेब, डीबी, बॅकअप असं काहीही) आणि खाली एकेका ओळीत एकेक मशीन. सगळं झालं की पिंग मॉड्यूल (मॉड्यूल म्हणजे एकेका कामाचा तयार तुकडा) सगळ्या मशीनींवर चालवा. हा नेटवर्कवाला पिंग नाही बरं का, हा एसएसएचने आत जाऊन तिथे पायथन चालतो का ते बघतो आणि चालला तर पाँग म्हणतो. अनरीचेबल आलं तर ॲन्सिबलला दोष देऊ नका, आधी त्याच युजरने हाताने एसएसएच करून बघा, अडचण बहुधा तिथेच सापडते.

आता प्लेबुक. स्क्रिप्टमध्ये आपण सांगतो की हे कर मग ते कर, इथे आपण मशीन कशी असायला हवी ते लिहितो, बाकी ते बघून घेतं. दिवा लागलेलाच असेल तर परत कोणी लावायला जात नाही, तसंच. म्हणून तीच प्लेबुक लगेच दुसऱ्यांदा चालवली की चेंज्ड शून्य यायला पाहिजे, ही तुमची पहिली परीक्षा. एखादा टास्क दर वेळी चेंज्ड दाखवत असेल तर बहुतेक तिथे तुम्ही शेल किंवा कमांड मॉड्यूल वापरलाय. त्या कामाचा वेगळा मॉड्यूल असेल तर तो घ्या, नसेलच तर निदान क्रिएट्स लावा, त्यात त्या कामातून तयार होणाऱ्या फाईलचं नाव द्या, म्हणजे ती फाईल असली की टास्क गुपचूप पुढे जाईल.

युजर मॉड्यूलमध्ये ग्रुप्स देताना अपेंड ट्रू लिहायला विसरू नका. नाही लिहिलं तर तो युजर फक्त तुम्ही दिलेल्या ग्रुपांत ठेवतो, मूळ (प्रायमरी) ग्रुप सोडून बाकी सगळ्यांतून काढतो, मतलब तुम्ही डॉकर ग्रुप द्यायला गेलात आणि त्या माणसाचं सुडो (ॲडमिनचे हक्क) गेलं. आणि कीजसाठी ऑथराइज्ड की मॉड्यूल आहे, त्यात एक्सक्लुझिव्ह म्हणून ऑप्शन असतो, यादीत नसलेली प्रत्येक की तो उडवतो. आपल्याला हवं ते हेच, पुण्याला गेलेल्याचा हिशोब एका झटक्यात मिटतो. पण याला लूप समजत नाही! लूपमध्ये एकेक की दिली तर प्रत्येक फेरीत आधीची की पुसली जाते, शेवटी फक्त शेवटच्या माणसाची उरते आणि तो शेवटचा माणूस तुम्ही नसलात तर बसा बाहेर. सगळ्या कीज एकाखाली एक जोडून एकाच वेळी द्या. आणि हे पहिल्यांदा चालवताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्या सर्व्हरचं एक सेशन उघडं ठेवा, काही फिसकटलं तर तिथूनच दुरुस्त करता येतं.

याच्या आधी चेक आणि डिफ हे दोन्ही ऑप्शन लावून एक फेरी मारा, लिमिट लावून एकाच मशीनवर. काय बदलणार ते ओळ न ओळ दिसतं, बदलत काही नाही. फक्त शेल आणि कमांडचे टास्क चेकमध्ये सहसा वगळले जातात, म्हणून चेक साफ गेला म्हणजे सगळं साफ असं धरू नका. यामलमध्ये (प्लेबुक ज्या फॉरमॅटमध्ये लिहितात तो) टॅब चालत नाही, स्पेसच द्या, आणि फाईलचा मोड (परमिशनचा आकडा) कोट्समध्ये आणि सुरुवातीच्या शून्यासकट लिहा नाहीतर परमिशन भलतीच लागते.

कीज जमल्या की एसएसएचची कॉन्फिग घ्या, पासवर्ड लॉगिन बंद करा. टेम्पलेट मॉड्यूल नमुन्यावरून कॉन्फिग फाईल बनवतो, त्यात व्हॅलिडेट देता येतं, तिथे एसएसएचडीची (सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्राम) टेस्टवाली कमांड द्या, फाईल चुकीची असेल तर ती जागेवर जातच नाही. रीलोडसाठी हँडलर, म्हणजे बोलावलं तरच चालणारा टास्क, तो फाईल बदलली तरच चालतो आणि प्लेच्या शेवटी एकदाच. इथे एक छुपा खड्डा आहे. फाईल बदलली, मग पुढचा एखादा टास्क फेल झाला, तर त्या मशीनवर हँडलर चालतच नाही, आणि पुढच्या वेळी फाईल आधीच बदललेली असल्याने कोणी त्याला बोलावतही नाही. मग सर्व्हिस जुन्याच कॉन्फिगवर चालत राहते आणि तुम्ही डोकं खाजवत बसता. फोर्स हँडलर्स लावलं की सुटतं.

टेम्पलेटच्या डोक्यावर एक कॉमेंट टाका, ही फाईल ॲन्सिबल लिहितं, इथे हात लावू नका. तरीही कोणीतरी लावणारच, “भिया, बस एक लाइन बदली थी” हे आपल्या शहरात ऐकावंच लागतं, पण पुढच्या रनला ती लाइन पुसली जाते आणि डिफमध्ये दिसतेही. ती कामाची असेल तर टेम्पलेटमध्ये घ्या, नसेल तर जाऊ द्या.

अपडेटची प्लेबुक सगळ्यात शेवटी लिहा. ॲन्सिबल डीफॉल्टने एका वेळी पाच मशीनींवर काम करतं, दोन वेब सर्व्हर असतील तर दोन्ही सोबतच रीस्टार्ट होतील. सिरियल एक लिहा, म्हणजे पहिला उठला की मगच दुसरा. आणि कोचिंगचा रिझल्ट असेल त्या दिवशी ही प्लेबुक चालवूच नका.

डेटाबेसचे पासवर्ड वगैरे ॲन्सिबल व्हॉल्टने एन्क्रिप्ट करूनच गिटमध्ये टाका. व्हॉल्टचा स्वतःचा पासवर्ड मात्र त्या फोल्डरच्या बाहेर ठेवा, आणि तुमच्याशिवाय अजून एकाकडे तरी असू द्या, तुम्ही सुट्टीवर गेलात तर त्याला निदान आत शिरता येईल.