वॉटरमेलन टुर्मलीन: चकती पारखताना आणि जडवताना या चुका टाळा

आत गुलाबी गाभा, बाहेर हिरवी कड आणि मध्ये कधीकधी पांढरट पट्टा. वॉटरमेलन टुर्मलीन या कलिंगडासारख्या रंगांच्या रत्नाची चकती कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कुणाच्या हातावर ठेवली, की "काच आहे का?" हा प्रश्न ठरलेला. शंका घ्यायलाच हवी, कारण नकली माल भरपूर आहे. पण ती फेडायच्या घाईत अस्सल खडाही काच ठरवला जातो, आणि ही चूक सर्वांत महाग पडते.

एका व्यवहारातली गोष्ट. साधारण तीन मिलिमीटर जाडीची, दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेली चकती विकायला आली. पारखणाऱ्याने ती पोलॅरिस्कोपवर (दोन ध्रुवक गाळण्यांमधून खडा पाहण्याचं उपकरण) आडवी ठेवून पूर्ण फिरवली. टुर्मलीन असेल तर उजेड-अंधार आलटून पालटून दिसायला हवा होता, पण अंधारच राहिला. मग डायक्रोस्कोप (खड्यातले दोन रंग दोन खिडक्यांत शेजारी दाखवणारी नळी) लावला, तर दोन्ही खिडक्यांत एकच रंग. दोन उपकरणांनी एकच साक्ष दिली म्हणून निकाल लागला: काच. काचेच्या भावाने चकती गेली. पुढे दुसऱ्या हातात अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) मोजला, तर 1.624 आणि 1.644 असे दोन स्पष्ट आकडे आले. काच कधीच दोन आकडे देत नाही.

उपकरणं बरोबर होती, चकती ठेवण्याची दिशा चुकली. टुर्मलीनचा स्फटिक लांबट, उभ्या रेषांचा आणि आडव्या छेदात फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा असतो. गाभा आणि कड एकत्र दिसावेत म्हणून चकती लांबीला आडवी कापतात. त्यामुळे चकतीतून सरळ पाहिलं, की नजर स्फटिकाच्या लांबीच्या अक्षावरूनच जाते. हाच त्याचा प्रकाशीय अक्ष. या एका दिशेने दुहेरी अपवर्तन, म्हणजे प्रकाशाचे दोन किरण होणं, घडत नाही, दोन रंगही वेगळे होत नाहीत. म्हणजे ज्या आकारात हा खडा सर्वांत जास्त विकला जातो, त्याच आकारात या दोन्ही चाचण्या फसतात.

त्यामुळे चकती चिमट्यात धरून काठावर उभी करा आणि कडेतून पाहा. उजेड-अंधारही दिसेल आणि डायक्रोस्कोपमध्ये हिरव्याच्या दोन छटाही. कड घासलेली नसेल तर चकती पोलॅरिस्कोपवर आडवी ठेवून वर काचेची छोटी गोळी धरा. रंगीत वर्तुळांवर काळी फुली उमटली तर काच नाही. क्वार्ट्झमध्ये त्या फुलीचा मधला भाग मोकळा असतो, टुर्मलीनमध्ये फुली मध्यापर्यंत जाते. शेवटी अपवर्तनांक मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर: टाचणीच्या डोक्याएवढा द्रवाचा थेंब, त्यावर चकतीची सपाट बाजू. आडव्या कापलेल्या चकतीत फिरवतानाही दोन्ही आकड्यांच्या रेषा जागच्या जागी राहतात. फरक साधारण 0.020 येतो. एवढं करायला पाच मिनिटं लागतात. ज्यांना तीही जड वाटतात त्यांनी निकाल देऊ नये.

नकली ओळखताना उलट चूक होते: दोन रंग आणि आत भेगा दिसल्या की "नैसर्गिक भेगा" म्हणून माल घेतला जातो. तापवून थंड रंगात बुडवलेल्या क्वार्ट्झलाही भेगा असतात, आणि भिंगाखाली रंग नेमका त्या भेगांतच साचलेला दिसतो. त्याचा अपवर्तनांक 1.54 ते 1.55, घनता 2.65. टुर्मलीनची घनता 3.06 च्या आसपास. काचेत गोल बुडबुडे आणि वळणावळणाने वाहिलेला रंग असतो. चिकटवलेल्या खड्यात रंगाची सीमा सपाट असते आणि त्या पातळीत बुडबुडे दिसतात. पांढऱ्या वाटीत पाणी घालून खडा बाजूने पाहिला की हे लगेच कळतं. अस्सल चकतीत रंगाची सीमा स्फटिकाच्या बाजूंना समांतर जाते.

पन्हाळ्याच्या पायथ्याशी किंवा ओढ्यात असा दगड सापडल्याचं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे बेसॉल्ट आणि त्यावर जांभा आहे. बेसॉल्टच्या पोकळ्यांत अगेट, झिओलाइट मिळतील. हे टुर्मलीन मात्र लिथियमयुक्त असतं आणि पेग्मटाइट या मोठ्या स्फटिकांच्या अग्निजन्य खडकात वाढतं. वाढताना भोवतालच्या द्रवातलं मँगनीज आणि लोह यांचं प्रमाण बदलतं, म्हणून आधी गुलाबी गाभा आणि नंतर हिरवी कड तयार होते. ब्राझीलचं मिनास जेराइस, अफगाणिस्तानातलं नुरिस्तान, मादागास्कर, नायजेरिया ही त्याची ओळखीची ठिकाणं. अमेरिकेतल्या मेन राज्यात न्यूरी इथे 1972 मध्ये मोठा साठा लागला होता.

आता जडवणं. सर्वांत जास्त खडे इथेच मरतात, तेही फक्त घाईने. अंगठी सैल झाली किंवा कोंदणाचं नख तुटलं की खडा न काढता ज्योत लावली जाते. हिरा ते सहन करतो, टुर्मलीन नाही. त्यात बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत द्रव अडकलेला असतो. उष्णतेने तो फुगतो आणि खडा आतून तडकतो. शिवाय गाभा आणि कड यांची रासायनिक घडण वेगळी, त्यामुळे त्यांच्या सीमेवर आधीच ताण असतो. ओल्या कापडात खडा गुंडाळून "झाळून देतो" (डाख लावून देतो) म्हणणाऱ्याला नकार द्या. कापड सुकलं की तापमान एकदम चढतं, आणि नंतर तापलेला दागिना पाण्यात टाकला की उरलेलं काम ते पाणी करतं. आधी सगळं झाळकाम, आम्लाची धुलाई आणि पॉलिश, मग खडा. दुरुस्ती असेल तर खडा काढून घ्या. तो निघतच नसेल तर लेझर वेल्डिंग करणारा शोधा.

बंद तळाचं कोंदण या चकतीला नको. कोल्हापुरी साजाच्या सवयीने गिऱ्हाईक तेच मागतं, पण चकतीचा रंग आरपार आलेल्या उजेडाने खुलतो. तळ बंद झाला की हिरवी कड काळपट दिसते. तळ मोकळा ठेवा आणि पातळ पट्टीने चहूबाजूंनी सारखा दाब द्या. नखं लावायचीच असतील तर रंगांच्या सीमेवर टेकवू नका.

जाड चकती म्हणजे चांगली चकती, हा समज सोडा. टुर्मलीन लांबीच्या अक्षाने पाहताना सर्वांत गडद दिसतं. गडद कडेच्या मालाला दोन-अडीच मिलिमीटर पुरे.

रंग पिवळ्या दिव्याखाली ठरवू नका, गुलाबी उगाच खुलतो. दुकानाबाहेर येऊन सावलीतल्या दिवसाच्या उजेडात पाहा.

सफाईसाठी अल्ट्रासॉनिक मशीन आणि वाफ दोन्ही बंद. भेगांत रेझिन भरलेलं असेल तर तेही निघतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश.

शोकेसमध्ये चकतीवर धूळ लवकर बसते, कारण तापलं की टुर्मलीनवर विद्युतभार येतो. ती धूळ कोरड्या कापडाने घासू नका. तिच्यात क्वार्ट्झचे कण असतात आणि टुर्मलीनचं काठिण्य जेमतेम 7 ते 7.5, त्यामुळे पॉलिश हळूहळू मरतं. आधी पाण्याने धुवा, मग पुसा.

लोंबत्या दागिन्यासाठी भोक पाडू नये हे उत्तम. पाडायचंच झालं तर हिऱ्याचं ड्रिल वापरा, चकती पाण्यात बुडवून ठेवा, दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं भोक घ्या आणि जागा रंगांच्या सीमेपासून दूर निवडा. ड्रिलवर जोर देऊ नका, दर काही सेकंदांनी वर उचलून भुकटी निघू द्या.