ग्रुपमधल्या माणसाबद्दल तक्रार आली तर काय करायचं

रात्री पावणेबाराला ग्रुपवर एक स्क्रीनशॉट पडला, बँक स्टेटमेंटचा, एका आकड्याभोवती लाल गोल आणि खाली एक ओळ, "शिबिराचे १८,४०० रुपये कुठे गेले ते आता सगळ्यांसमोर सांग." ज्याला विचारलं होतं तो, आमचा खजिनदार, झोपलेला. साडेबारापर्यंत त्याला ग्रुपमधून काढलं होतं, सर्व्हरचा पासवर्ड बदलला होता आणि कुणीतरी बाहेरच्या दोन ग्रुपवर पण टाकून मोकळं झालं होतं. चौथ्या दिवशी पावती सापडली, मंडपवाल्याची गुलाबी कार्बन कॉपी, घडीवर अक्षरं पुसट झालेली पण रक्कम वाचता येत होती, अठरा हजार चारशे. आमच्याच फाइलीत होती. त्याला परत बोलावलं, तो आला नाही. त्या रात्रीच्या मेसेजला मी पण अंगठा दिला होता.

त्याच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. लोकांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही मुक्त सिस्टीम टाकून द्यायच्या कॅम्पला येणाऱ्या कॉलेजच्या एका मुलीने सांगितलं की आमच्यातला एक सीनियर तिला रात्री-अपरात्री नको ते मेसेज करतो. तिला म्हटलं, मिटिंगमध्ये घेऊ. पुढच्या मिटिंगला विषय निघाला नाही, आणि त्याच्या पुढच्या मिटिंगला तो सीनियरच अध्यक्ष म्हणून बसला होता. ती यायची बंद झाली.

एकदा चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत निकाल, एकदा कधीच नाही. मला या दोन्हीत एकच चूक दिसते, की तक्रार कुणाकडे द्यायची, ती कोण बघणार आणि किती दिवसांत, हे आधी ठरलेलंच नव्हतं. मग ज्याची ओळख जास्त तो वाचतो आणि जो त्या वेळी ऑनलाइन नसतो तो मरतो. म्हणून हे सगळं लिहितेय, पुण्यातल्या आपल्यासारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या छोट्या ग्रुपसाठी, जिथे ना ऑफिस ना एचआर, रविवारी नवी पेठेत कुठेतरी खुर्च्या गोल लावून बसायचं एवढंच असतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजायला सोपं जावं कारण आपण रोज तेच करतो. साधा बग असेल तर उघड नोंदवतो. पण सुरक्षेचं भोक सापडलं तर आधी खाजगीत कळवतो आणि मुदत देतो, गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या अशी भोकं शोधणाऱ्या टीमने २०१४ पासून ९० दिवसांची मुदत रूढ केली, तेवढ्यात दुरुस्त केलं नाही तर जाहीर करणार. मुदत नसती तर कंपन्या वर्षानुवर्षं दाबून बसल्या असत्या, आणि पहिल्याच मिनिटाला जाहीर केलं असतं तर त्या भोकातून कुणीही आत शिरलं असतं. माणसाबद्दलच्या तक्रारीलाही हीच रीत लावा, आधी खाजगी वाट, पण घड्याळ लावून. ग्रुपने मुदत पाळली नाही तर तक्रारदाराने जाहीर बोलावं, आणि मग "आधी आमच्याकडे का नाही आलात" असं विचारायचा हक्क आपल्याला राहत नाही.

तर पहिलं काम तक्रार यायच्या आधीचं आहे. एक पानभर लिहून ठेवा. तक्रार घेणारे दोघं जण, त्यात एक तरी बाई, दोघं एकाच कंपूतले नकोत, आणि तिसरं माणूस बाहेरच्या संस्थेतलं, ज्याला आपल्या भांडणांशी घेणंदेणं नाही. ज्याच्यावर तक्रार आहे तो किंवा त्याचा जिगरी दोस्त या तिघांत असेल तर तो आपोआप बाजूला, विनंती करावी लागता कामा नये. सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये क्रायपाक खटल्यात जम्मू-काश्मीरच्या वन खात्यातली निवड रद्द केली होती कारण निवड समितीत बसलेला अधिकारी स्वतःच उमेदवार होता, आणि स्वतःच्या नावाची चर्चा झाली तेव्हा तो उठून बाहेर गेला होता तरीसुद्धा रद्द केली. आमच्याकडे तर माणूस खुर्चीवरून हललाही नाही.

तक्रार आली की ऐकून घ्या, वकिली करू नका. तिच्या किंवा त्याच्या शब्दांत लिहा, तारखा घाला, वाचून दाखवा आणि विचारा, तुला काय हवंय. हा प्रश्न लोक विसरतातच. कुणाला फक्त मेसेज थांबायला हवे असतात, कुणाला माफी, कुणाला वाटतं की तो माणूस नवीन मुलांच्या गटावर नको, आणि आपण मात्र थेट हकालपट्टीवर उडी मारतो. त्याच बैठकीत तारीख सांगा, अमुक दिवसापर्यंत तुला उत्तर मिळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तातडीची सोय वेगळी आणि निकाल वेगळा. सोय लगेच करायची, त्याच दिवशी, त्यासाठी पुरावा तपासत बसायचं नाही. दोघांना एका कॅम्पला पाठवू नका, पैशाची तक्रार असेल तर खात्यावर दुसरी सही घ्या, सर्व्हरची चावी तात्पुरती दुसऱ्याकडे द्या. पण त्या माणसाला फोन करून सांगा की ही सोय आहे, तू दोषी ठरलेला नाहीस, आणि ही अमुक तारखेपर्यंतच आहे. आमच्या खजिनदाराला कुणी हा फोन केला नाही, त्याला सकाळी लॉगिन होईना तेव्हा कळलं.

मग त्याला लेखी कळवा की आरोप काय आहे. "तुझ्याबद्दल तक्रारी आहेत" हा आरोप नाही, त्याला माणूस उत्तर काय देणार. कधी, कुठे, काय, हे द्या, आणि उत्तराला आठवडाभर द्या. स्क्रीनशॉट असेल तर पुढचे-मागचे मेसेज मागा, मूळ फोनवर बघा. एका वाक्याची काटछाट किती महाग पडते ते आपल्याच चळवळीत झालंय. सप्टेंबर २०१९ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेतलं एमआयटी आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन दोन्ही सोडलं, त्या आठवड्यात बातम्यांत आलं की ते एपस्टीन प्रकरणातल्या पीडित मुलीला राजीखुशीची म्हणाले, प्रत्यक्षात ईमेलमध्ये त्यांनी लिहिलं होतं की त्या प्रकरणात नाव आलेल्या एमआयटीच्या प्राध्यापकासमोर तिने तसं दाखवलं असण्याची शक्यता जास्त. ते वाक्यही लोकांना खटकलं आणि मला पण खटकतं, पण ते वेगळं वाक्य आहे. आणि बायकांशी त्यांच्या वागण्याबद्दलची जुनी नाराजी, जी नीट नोंदवायला कित्येक वर्षं जागाच नव्हती, ती सगळी त्याच आठवड्यात त्यावर येऊन पडली. २०२१ मध्ये ते फाउंडेशनच्या बोर्डावर परत आले तेव्हा विरोधात एक पत्र, बाजूने एक पत्र, दोन्हीकडे हजारो सह्या. सह्या मोजून कुठली तक्रार खरी ते ठरत नाही हो, त्या जुन्या तक्रारी करणाऱ्या बायकांना पण त्यातून काही मिळालं नाही.

मला माहितीये की "प्रोसेस" हा शब्द ऐकला की बऱ्याच मुलींच्या पोटात गोळा येतो, कारण तो बहुतेक वेळा त्यांना गप्प करायलाच वापरलेला असतो. म्हणून नाव घेऊन बोलणाऱ्या बाईला दोष देऊ नका. पत्रकार प्रिया रमाणी यांनी लैंगिक छळाचा आरोप केला म्हणून एम. जे. अकबर यांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या कोर्टाने रमाणींना निर्दोष सोडलं आणि म्हटलं की बाई आपलं गाऱ्हाणं कुठल्याही व्यासपीठावर, कित्येक वर्षांनीसुद्धा मांडू शकते. तिला तिथे जावं लागू नये इतकी आपली वाट चालती ठेवणं हे आपलं काम आहे, तिचं तोंड बंद करणं नाही.

काही गोष्टी ग्रुपने हाताळायच्याच नाहीत. तक्रार अठरा वर्षांखालच्या मुलाच्या लैंगिक छळाची असेल तर पॉक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आपण शाळांत कॅम्प घेतो तेव्हा हे प्रत्येकाला पाठ पाहिजे. बाईच्या लैंगिक छळाची असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बघा, त्यात संस्था, ट्रस्ट सगळे येतात आणि बिनपगारी स्वयंसेवक सुद्धा कर्मचारी धरला जातो. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती लागते, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांत करायची, समितीला कारण पटलं तर आणखी तीन, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची. नावं गुप्त ठेवायची, दोन्ही बाजूंची. आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असं नाही, हे त्या कायद्यातच लिहिलंय.

निकाल देताना जेवढी चूक तेवढीच शिक्षा, आणि तिला शेवट असू द्या. सहा महिने कॅम्पला नाही म्हणजे सहा महिने. पुण्याला यादी छापून माणूस वाळीत टाकायची जुनी सवय आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा झाला, टिळक, रानडे हजर होते, गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, सुरू झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, अंनिसच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जातपंचायतींशी भांडून भांडून, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आला, ३ जुलै २०१७ पासून लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. तो कायदा आपल्या ग्रुपमधून कुणाला काढण्याबद्दल नाही, पण त्याच्यासाठी मोर्चात चाललेली माणसं आपल्यात आहेत आणि तीच रात्री साडेबाराला "कुणीही याच्याशी संबंध ठेवू नका" असा मेसेज पुढे ढकलतात, हे मला सहन होत नाही.

आणि चूक आपली निघाली तर ती जिथे जिथे पसरवली तिथे तिथे जाऊन दुरुस्त करा. जुना मेसेज गुपचूप डिलीट करू नका, कमिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींचा, इतिहास जसा आपण मागे जाऊन खोडत नाही तसंच, चूक दिसू दे आणि दुरुस्ती तिच्या खाली येऊ दे. आम्ही हे फार उशिरा केलं, गेल्या महिन्यात. मजकूर आधी खजिनदाराला फोनवर वाचून दाखवला. त्याने एकच बदल सांगितला, "गैरसमज" काढ आणि "चूक" लिही. मग दोन्ही बाहेरच्या ग्रुपवर पावतीच्या फोटोसकट टाकलं: "आमच्या शिबिराच्या १८,४०० रुपयांबद्दल इथे जे लिहिलं गेलं ते खोटं होतं. पैसे मंडपाला दिले होते, पावती आमच्याकडेच होती. आम्ही न विचारता, न शोधता आरोप केला आणि त्याला काढलं. ही आमची चूक आहे." खाली आम्हा सहा जणांची नावं.