भूपट्ट सीमा शिकवताना या चुका टाळा

भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराच्या सरकणाऱ्या तुकड्यांच्या, सीमांच्या तीन आकृत्या फळ्यावर काढायच्या, बाण दाखवायचे, खाली अपसारी (दूर जाणाऱ्या), अभिसारी (जवळ येणाऱ्या), समांतर (एकमेकांना घासत जाणाऱ्या) अशी नावं लिहायची की धडा संपला. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, किल्लारी यातल्या कुठल्या सीमेवर आहे?"

कुठल्याच नाही. 'भूकंप भूपट्टांच्या सीमेवर होतात' हे घाईत सांगितलेलं वाक्य इथे नडतं. बहुतेक होतात, सगळे नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरलं ते हिमालयाच्या पायथ्यापासून हजार किलोमीटरहून लांब, भारतीय भूपट्टाच्या पोटात. आपला भूपट्ट उत्तरेला युरेशियन भूपट्टाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण आतपर्यंत पोचतो आणि जुन्या, कमकुवत भ्रंशांवर (खडकातल्या सरकणाऱ्या भेगांवर) मोकळा होतो. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंपही सीमेपासून दूरच झाला. तिथे जलाशयातल्या पाण्याचा हात होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. ही दोन्ही उदाहरणं याच धड्यात घ्या. मुलांनी घरी ऐकलेले भूकंप हेच असतात.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक सीमेला ज्वालामुखी चिकटवणं. हिमालयात दोन्ही बाजूंना खंडीय कवच, वजनाला हलकं. ते खोल बुडत नाही, म्हणून तिथे अँडीजसारखी ज्वालामुखींची रांग नाही. अँडीजखाली मात्र नाझका भूपट्ट बुडतो. 'घर्षणाने भूपट्ट वितळतो आणि लाव्हा होतो' असं बिनदिक्कत सांगितलं जातं. खरं तर बुडणाऱ्या भूपट्टातून पाणी सुटतं, त्यामुळे वरच्या प्रावरणाचा (कवचाखालच्या खडकाच्या जाड थराचा) वितळणबिंदू खाली येतो आणि शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, तयार होतो. भारतातलं उदाहरण हवं तर अंदमानातलं बॅरन बेट आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट मात्र या यादीत घालू नका. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा तप्तस्थळाशी (खोलातून उष्णता वर येत राहते अशा जागेशी) जोडला जातो, आणि ते तप्तस्थळ आज रियुनियन बेटाखाली आहे.

खंड म्हणजेच भूपट्ट, हा गैरसमज नकाशा दाखवला की जातो. भारतीय भूपट्टात हिंदी महासागराचा मोठा तळही येतो.

जॅमवर बिस्किटं सरकवण्याचा प्रयोग मुलांना आवडतो, पण त्यातून 'खाली सगळा लाव्हाच आहे' हे डोक्यात पक्कं बसतं. प्रावरण घन आहे, फक्त अतिशय संथपणे वाहतं. द्रवातून न जाणाऱ्या दुय्यम भूकंपलहरी प्रावरणातून आरपार जातात, एवढा पुरावा प्रयोगानंतर लगेच सांगून टाका.

माझं मत विचाराल तर आकृत्या शेवटी काढा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर भूकंपांचे अक्षांश, रेखांश आणि खोली फुकट मिळते. एकेका गटाला काही नोंदी देऊन जगाच्या कोऱ्या नकाशावर ठिपके द्यायला लावा: 70 किलोमीटरपर्यंत लाल, 300 पर्यंत हिरवा, त्याहून खोल निळा. अटलांटिकच्या मधल्या रांगेवर लालच राहतो. दक्षिण अमेरिकेत किनाऱ्याकडून आत जाताना लाल, हिरवा, निळा असा क्रम लागतो. भूपट्ट तिरका खाली चालला आहे हे मुलंच सांगतात. नोंदी निवडताना खोलीच्या रकान्यात ठिकठिकाणी नेमके 10 किलोमीटर दिसतील. खोली नीट ठरवता आली नाही की तो आकडा धरून चालतात, हे आधीच सांगा, नाहीतर तास त्या शंकेतच जाईल.