कागदावर नफा, खाते रिकामे: मी काय बदलले

धंदा सुरू झाला, ऑर्डरी येत होत्या, हिशेबात नफाही दिसत होता. तरी महिनाअखेरीस पगाराला पैसे पुरत नसत.

मग एक साधा तक्ता मांडला: पुढच्या 13 आठवड्यांत, म्हणजे साधारण एका तिमाहीत, कोणत्या आठवड्यात किती पैसे येणार आणि किती जाणार. यात विक्रीची तारीख धरायची नाही, पैसे प्रत्यक्ष जमा होतील ती धरायची. गळती लगेच सापडली. कच्च्या मालाचे पैसे 30 दिवसांत चुकते करायचे आणि ग्राहक देणार 60 दिवसांनी. मधला महिनाभर मीच त्यांना बिनव्याजी उधार देत होतो! त्यात विक्री वाढली की आधी मालात आणखी पैसा घालावा लागतो, म्हणजे चणचणही वाढते.

नव्या ऑर्डरीला निम्मी रक्कम आगाऊ मागू लागलो. काही ग्राहक गेले, जाऊ देत. बिल माल पोचेल त्याच दिवशी पाठवायचे ठरवले, पुरवठादाराकडून मुदत वाढवून घेतली, साठाही कमी केला. सर्वांत जास्त फरक आगाऊ रकमेने पडला. आता दर सोमवारी मागच्या आठवड्याचे खरे आकडे भरतो आणि तक्त्याच्या शेवटी एक नवा आठवडा जोडतो.