सेप्सिसचा दुसरा आठवडा: या चुका टाळा

बेळगावच्या आयसीयूत निपाणी, चिकोडी, खानापूर, पलीकडचं चंदगड, सगळीकडून पेशंट येतात. सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनशी लढताना शरीराचाच तोल जाऊन अवयव निकामी होऊ लागणं, म्हटलं की नव्या डॉक्टरांची पहिले दोन दिवस जोरात पळापळ चालते: सलाईन, अँटिबायोटिक, बीपी धरून ठेवणारी औषधं. ती हवीच. पण बीपी सावरलं की हीच मंडळी सैल पडतात आणि दुसऱ्या आठवड्यात पेशंट हातचा जातो.

तोवर त्याची प्रतिकारशक्ती पार ढेपाळलेली असते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी भराभर मरतात, त्यांच्यातल्याच उरलेल्या टी-पेशी थकतात, मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना जंतूचा अंश दाखवला तरी त्या पुरेसं टीएनएफ, म्हणजे धोक्याचा इशारा देणारं रसायन, सोडत नाहीत. 2011 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात सेप्सिसनं दगावलेल्या 40 जणांच्या प्लीहा आणि फुप्फुसं तपासली होती. त्यातल्या प्लीहेच्या पेशी डिवचल्यावर जे सायटोकाइन (टीएनएफसारखे इशारे देणारे पदार्थ) निघाले, ते सेप्सिस नसलेल्यांच्या तुलनेत बहुतेक दहा टक्क्यांच्याही आत होते.

आता सगळ्यात डोकं फिरवणारी चूक: टोटल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा, उतरला म्हणून खूश होणं. ऊसतोडीत पायावर कोयता बसलेला एक गडी आमच्याकडे होता. जखम चिघळली, बीपी पार कोसळून शॉकमध्ये आला, त्यातून निघालाही. काउंट 22,000 वरून 9,000 वर आला आणि आमच्या ज्युनिअरनं केसपेपरवर ‘सुधारणा’ लिहून टाकलं. रिपोर्टात त्याखालच्याच ओळीत लिम्फोसाइट 5 टक्के होते. गुणाकार करा: 450. प्रौढ माणसात हा आकडा साधारण हजाराच्या वर हवा. सेप्सिसचं निदान झाल्यावर चौथ्या दिवशीही तो खालीच रेंगाळत असेल तर लक्षण वाईट, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

तो गुणाकार कुणी केलाच नाही, त्यामुळे मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) तशीच राहिली. विचारलं तर उत्तर तयार: ‘असू दे की सर, परत शीर सापडायची नाही.’ लघवीची नळीही तशीच. वर ‘सेफ साइड’ म्हणून आणखी एक अँटिबायोटिक. काही दिवसांत बीपी पुन्हा घसरलं आणि रक्ताच्या कल्चरमध्ये कँडिडा ही बुरशी उगवली. लाइन काढली, बुरशीचं औषध सुरू केलं. गडी वाचला, पण तोवर घरच्यांचं उसाचं बिल हातात पडण्याआधीच संपलं होतं.

माझी सवय सांगतो. मशीन आकडा छापतं, तरी मी लिम्फोसाइटचा गुणाकार स्वतः करून चार्टच्या कडेला लाल पेनानं लिहितो. राउंडला पहिला प्रश्न, ‘आज कुठली नळी निघणार?’ दुसरा, ‘हे अँटिबायोटिक कितव्या दिवसाचं, आणि कशासाठी?’ ज्युनिअर कंटाळतात. कंटाळू देत.

दुसरी चूक नातेवाईक आणि डॉक्टर मिळून करतात. ‘ताप उतरला की हो सर, वॉर्डात घेऊया काय?’ ताप चढवायलाही पेशी जाग्या लागतात. म्हाताऱ्या माणसात तर नवीन इन्फेक्शन अंग गार असतानाच घुसतं. श्वास मोजा, लघवी किती झाली ते बघा, माणूस बरळतोय का ते सिस्टरना विचारा. लॅक्टेट, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडतंय का ते सुचवणारी रक्ततपासणी, पुन्हा करा.

‘इम्युनिटीची सलाईन’ मागू नका, कुणी देत असेल तर घेऊ नका. शिरेतून मोठ्या डोसात व्हिटॅमिन सी दिलेल्यांत मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, 2022 च्या लॉव्हिट चाचणीत. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शनही तसंच: आकडा फुगतो, मृत्यू कमी होत नाहीत. पोती मोजून आत जोंधळा आहे का ते न बघण्यातला प्रकार.

स्टेरॉइड: शॉकमध्ये बीपीची औषधं चढतीच ठेवावी लागली तर हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला 200 मिलीग्रॅम, हे ठीक. गावात ताप पाडायला मारलेली सुई वेगळी. ती मारून आलेला पेशंट बरा दिसतो आणि उशिरा पोचतो.

मोनोसाइटवरचं एचएलए-डीआर, म्हणजे त्या पेशी किती जाग्या आहेत ते दाखवणारी खूण, मोजायची हौस हल्ली काहींना आली आहे. तपासणी चांगली. पण सँपल थंड ठेवून काही तासांत लावायचं असतं. बाहेर राहिलं तर आकडा खोटा वाढतो आणि पेशंट धडधाकट वाटायला लागतो. रात्रीच्या बसनं बेंगळूरला धाडलेल्या ट्यूबवर मी तरी निर्णय घेणार नाही. आणि आकडा खरा निघाला तरी इंटरफेरॉन-गॅमा किंवा जीएम-सीएसएफ ही प्रतिकारशक्ती चेतवणारी औषधं देण्याची घाई नको. त्यांनी पेशी जाग्या होतात हे छोट्या अभ्यासांत दिसलंय, जीव वाचतात हे अजून ठरायचंय.

डिस्चार्जनंतरची चूक घरोघरी होते. पेशंट जगला की नवस फेडायला थेट सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर, तोही पौर्णिमेच्या गर्दीत. पेशींची ही मरगळ काही महिने राहू शकते, अनेकजण पुन्हा इन्फेक्शन घेऊनच परततात. घरच्या कुणीतरी जाऊन ओटी भरून यावं, पेशंटनं घरीच थांबावं. साखर तपासत राहावी, लशींचं विचारून घ्यावं. आणि थंडी वाजली, दम लागला किंवा लघवी कमी झाली तर गल्लीतल्या सुईच्या आधी आयसीयूला फोन करावा, डिस्चार्ज कार्ड हातात धरून.