स्पिंडल सुरू केला की अलार्म १: दोष स्विचचा नव्हे, वायरिंगचा

जीआरबीएल १.१ (सीएनसी मशीन चालवणारं फर्मवेअर), आर्डुइनो उनो बोर्ड, तीन अक्षांचा राउटर. होमिंग (लिमिट स्विचला टेकून मशीनने आपली शून्य जागा शोधणं) नीट व्हायचं, पण स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, चालू केला की अलार्म १ (लिमिट स्विच दाबला गेल्याचा इशारा), तोही गँट्री, म्हणजे सरकणारी चौकट, स्विचपासून हातभर लांब असताना. म्हणजे स्विच दाबलाच जात नव्हता, वायरीत नॉइज शिरत होता.

स्विच एनओवर (दाबला नसताना सर्किट उघडं) जोडलेले होते. अशा उघड्या वायरीला धरून ठेवतो तो चिपमधला २० ते ५० किलोओहमचा पुल-अप (पिनला ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर), आणि तो फार कमजोर पडतो. दोन मीटर वायर मग चक्क अँटेना होते. तिन्ही स्विच एनसीवर (दाबला नसताना सर्किट बंद) घेतले आणि $५=१ केलं, म्हणजे लिमिट पिनचा सिग्नल उलटा वाचायला लावला. आता पिन कायम ग्राउंडला बांधलेली राहते, शिवाय वायर तुटली तर लगेच कळतं. जोडीला प्रत्येक पिनवरून ५ व्होल्टला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला. वायरीचं शील्ड (बाहेरचं धातूचं आवरण) फक्त बोर्डाकडच्या टोकाला ग्राउंड करा.

तपासताना स्विच बोटाने दाबून धरा आणि कन्सोलमध्ये ? पाठवा, उत्तरात त्याच अक्षाचं अक्षर दिसलं पाहिजे.

होमिंगमध्ये अलार्म ८ (मागे सरकूनही स्विच सुटला नाही) येत असेल तर $२७, म्हणजे स्विचपासून मागे सरकायचं अंतर, १ वरून ३ मिमी करा, कारण लिव्हरवाला स्वस्त स्विच १ मिमीत सुटेलच असं नाही. $२१=० करून अलार्म गप्प करू नका, त्याने हार्ड लिमिटचं, म्हणजे स्विच दाबला की मशीन थांबवण्याचं, संरक्षणच जातं.